मशीनसमोरची भाषा

आमच्या घरी टेपरेकॉर्डर होता, पण तो माझा नव्हता. माझ्या बायकोने नोकरीला लागल्यावर अमरावतीत तो विकत घेतला. ती शाळेत संगीत शिकवायची, गॅदरिंगची गाणी बसवायला तिला तो लागायचा. वर धरायला कडी, पुढे जाळी, कोपऱ्यात शेंगदाण्याएवढा माइक. खांद्याला पिशवीत लटकावून कुठेही नेता यायचा. मला मात्र तो कुठेही न्यायची परवानगी नव्हती.

त्या यंत्राची जेवढी बडदास्त होती तेवढी आमच्या घरात जावयाचीही झाली नसेल. दर रविवारी ती काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून त्याचं हेड पुसायची. वापर नसला की सेल काढून ठेवायची, कारण ते आत पाझरतात. कॅसेट मागे न्यायची असली तर बटन दाबायचं नाही, पेन्सिल घालून हाताने फिरवायची. "मोटरले आराम पायजे," ती म्हणायची. मीही कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवून दुपारी दमून यायचो. पण माझ्या आरामाबद्दल तिचं मत इतकं पक्कं नव्हतं.

त्या वर्षांत वऱ्हाडात पाहुण्यांची रीघ लागली होती. कापसाचं बिनसलं, शेतकरी जीव देऊ लागले, त्या बातम्या मुंबई-पुण्याच्या पेपरांत पहिल्या पानावर गेल्या आणि आमच्याकडे माणसं येऊ लागली. समित्या आल्या, संस्था आल्या, खादीचे झब्बे घातलेले संशोधक आले. सगळ्यांना एकच हवं असायचं: आतवरचं गाव आणि खरा आवाज. गाव आतवर असावं, पण तिथून संध्याकाळी हॉटेलवर परत येता यावं, एवढीच अट.

अशाच एक मॅडम पुण्याहून आल्या. त्यांच्या अभ्यासाला स्थानिक सहकारी हवा होता, आणि आमच्या प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं. कारण मला हो म्हणण्यापलीकडे काही सुचत नसे. पहिल्याच दिवशी मॅडमच्या परदेशी रेकॉर्डरने त्यांच्याच हातात मान टाकली. मी उत्साहात सांगून बसलो, "आमच्या घरी आहे ना."

घरी बायको म्हणाली, "मशीन येईन. पण मीबी येईन."

अशी आमची तिघांची गाडी मे महिन्यात परतवाड्याच्या रस्त्याला लागली. माझ्या आत्याचं गाव त्या बाजूला आहे. आत्याचा संत्र्याचा बगीचा, दोन मुलं, घर धडधाकट. मॅडमना ते पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. तरी त्यांनी आत्याला ओसरीत खाटेवर बसवलं. बायकोने मशीन पाटावर ठेवलं, वर पंचा धरून सावली केली आणि लाल बटन दाबलं.

माझी आत्या म्हणजे तोंडाने फटकळ. माझ्या लग्नात तिने व्याह्यांना असं काही सुनावलं होतं की ते अजून आमच्याशी जपून बोलतात. लाल दिवा लागताच तिने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाली, "नमस्कार. मी आपणास माझ्या शेतीविषयी थोडक्यात माहिती देत आहे."

मी चकित. हे "आपणास" तिने कुठून आणलं, देव जाणे.

मॅडम हसून म्हणाल्या, "आजी, तुम्ही घरी बोलता तसं बोला ना. तुमच्या भाषेत."

"हीच आमची भाषा आहे," आत्या म्हणाली.

"पण मघाशी तुम्ही सरांना म्हणालात ना, काहून आला म्हणून."

"ती घरातली झाली. ही मशीनसमोरची. तुम्ही पुण्यात झोपेत बोलता तसं सभेत बोलता का?"

मग आत्याने संत्र्याच्या आंबिया बहारावर, म्हणजे थंडी सरता येणाऱ्या फुलोऱ्यावर, रेडिओवरच्या तज्ज्ञासारखं भाषण दिलं. मॅडमनी दुःखाकडे वळवायचा पुष्कळ प्रयत्न केला. "कधी खूप एकटं वाटतं का?" असं विचारलं. आत्या म्हणाली, "या घरात एकटं बसायला जागा आहे कुठं?" कॅसेटची एक बाजू संपली. हाती संत्रीच संत्री.

मॅडमना कुठूनतरी कळलं होतं की त्याच गावात मागच्या वर्षी एका घरातल्या तरुण माणसाने फवारणीचं औषध घेऊन जीव दिला होता. त्यांनी हळूच विषय काढला. आत्याने मशीनकडे बघितलं, दिवा विझल्याची खात्री केली आणि एकदम घरच्या भाषेवर आली.

"त्या घरी नका जाऊ बाई. त्याच्या बायकोले, त्या पोरीले, आता सगळं पाठ झालं आहे. कोणीबी येते, बटन दाबते, अन् ते सुरू होते. मागच्या वेळी लेकरू जेवत होतं, ताटावरून उठवलं अन् फोटोसाठी उभं केलं."

मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणूनच तर तिचा आवाज पोहोचायला हवा, आजी."

"किती खेपा पोचवता?"

मॅडम उठल्या, पर्स घेतली, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, चला." मी उठलोही. तेवढ्यात बायकोने मशीनच्या पाठीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "मशीन तापलं, मॅडम."

"म्हणजे?"

"आता चालवलं तं पट्टा तुटन. निवलं पायजे."

"किती वेळ?"

"संध्याकाळलोक तरी."

मी त्या यंत्राबरोबर बरीच वर्षं राहिलो होतो. ते तापल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण बायको ज्या सुरात बोलत होती, त्या सुराला मी घरी कधी उलट प्रश्न विचारला नाही, तर आत्याच्या ओसरीत काय विचारणार? तिने शांतपणे सेल काढले, एकेक पुसून डबीत ठेवले. आत्या चहा टाकायला आत गेली. मॅडम घड्याळाकडे बघत बसल्या आणि शेवटी म्हणाल्या की नुसतं भेटून काय उपयोग, रेकॉर्डिंग नसेल तर. हे वाक्य त्या वेळी कुणीच टेप केलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

पुढच्या गावांतही मॅडमच्या हाती फारसं लागलं नाही. कुणी पुढाऱ्यांना शिव्या घातल्या, कुणी स्वतःच्या पोराच्या नोकरीचं बघा म्हणाले. एका म्हाताऱ्याने विचारलं की हे रेडिओवर कधी लागणार, म्हणजे घरच्यांना सांगून ठेवतो. कॅसेटी मॅडम पुण्याला घेऊन गेल्या.

काही महिन्यांनी अकोल्यात परिसंवाद झाला. मॅडमनी पुन्हा मशीन मागितलं, म्हणून बायको आणि मी दोघं गेलो. पुढच्या रांगांत पुण्या-मुंबईचे पाहुणे, मागे आमच्याकडचे मास्तर, पत्रकार आणि जेवणासाठी थांबलेले लोक. मंचाच्या कडेला टेबलावर मशीन, त्याच्या तोंडाशी सभागृहाचा माइक आणि बाजूला खुर्ची टाकून बायको.

मॅडम म्हणाल्या, "आकडे तुम्ही ऐकलेत. आता एक आवाज ऐका. हा एक अनाम शेतकरी आहे. कुणीही प्रश्न विचारलेला नसताना तो स्वतःशी बोलतो आहे." त्यांनी खूण केली. बायकोने बटन दाबलं.

"सकाळपासून पोटात काही नाही माह्या," आवाज आला. "घरची बाई म्हणते, बोल. काय बोलू? उन्हात आणून उभं केलं मले. लोकं येतात, इचारतात, चालले जातात. माह्या हाती काय येते? एक दिवस हे सगळं सोडून चालला जाईन मी. मंग बसा बोंबलत."

तो माझा आवाज होता.

झालं होतं असं, की बायको प्रत्येक नवी कॅसेट वापरण्याआधी तपासून घ्यायची. एका गावात तिने मला रस्त्यावर उन्हात उभं केलं आणि मशीनसमोर काहीतरी बोलायला लावलं. मी मॅडमवर, त्यांच्या अभ्यासावर आणि माझ्या फुकट हमालीवर वैतागलो होतो. वर्गात मी शुद्ध बोलतो, पण वैताग मला शुद्ध जमत नाही. ती चाचणी पुसायची राहून गेली.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या शेजारचे पत्रकार भराभरा लिहून घेत होते. बायकोने मान वळवून मला शोधलं. बंद करायला ती बटनाकडे हात नेत होती, पण मॅडमनी थांबा म्हणून तळवा दाखवला. आणि टेप पुढे गेली.

"पोटात काही नाही काहून?" बायकोचा आवाज आला. "दोन प्लेटा पोहे खाऊन निघाले ना तुमी घरून. बस करा आता. आवाज बरा येऊन राहिला."

मागच्या रांगा फुटल्या. कुणीतरी म्हणालं, "हे तं आपले सर दिसून राहिले." मॅडम मात्र जराही ढळल्या नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "ही त्याची पत्नी असावी. भूक नाकारण्याची, घराची अब्रू झाकण्याची ही धडपड बघा." पुढच्या रांगेतल्या माना हलल्या. पत्रकाराने तेही लिहून घेतलं.

प्रश्नोत्तरांत मी उभा राहिलो. म्हणालो, "मॅडम, तो आवाज माझा आहे. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. आणि पोहे खरंच खाल्ले होते."

मॅडमनी मायेने विचारलं, "सर, तुमचे वडील काय करायचे?"

"शेती."

"मग," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी उठून सांगितलं की दुसऱ्या पिढीने पचवलेलं दुःख असंच नकळत बाहेर येतं. टाळ्या पडल्या. मला स्वतःबद्दल वाईट वाटू लागलं, इतकं ते पटेल असं बोलले. जेवणाच्या रांगेत दोन अनोळखी माणसांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एकाने मला स्वतःच्या ताटातला गुलाबजाम दिला.

परतीच्या एसटीत मी बायकोला विचारलं, "आधीच बंद काहून नाही केली?"

मशीन तिच्या मांडीवर होतं. ती म्हणाली, "तुमी पह्यल्यांदाच खरं बोलून राहिले होते. मले वाटलं, ऐकू द्या लोकायले."

दिवाळीत आत्याकडे गेलो तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती हसेल. ती बगीच्यात गवत खुरपता खुरपता ऐकत राहिली आणि मध्येच थांबून म्हणाली, "लोकं रडले का पण?"

"एकदोघं रडले."

"मंग आता कोणी आलं का तूच बोलत जाय आमच्या वतीनं," ती म्हणाली. "आमाले कामं आहेत." आणि पुढच्या झाडाकडे सरकली.