फ्रेमचा सांधा

वेल्डिंग चांगलं की वाईट हे सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ठाण्याकडच्या एका कारखान्यात मी दिवसभर तेच करायचो. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात खडू. सांधा पसंत पडला नाही की खडूने फुली. वेल्डर लोक माझ्या फुलीवर खार खाऊन असत. याच्याकडे वशिला चालत नाही, याला चहा पाजून उपयोग नाही, असा माझा लौकिक होता आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. त्यामुळे प्रत्यक्ष आईनेच वशिला लावला तेव्हा माझी मोठी पंचाईत झाली.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मे महिन्यात रजा काढून मी रत्नागिरीला घरी आलो होतो. बाबांची जुनी मोटारसायकल पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. बाबा मास्तर, निवृत्त होईपर्यंत ते याच गाडीवरून शाळेत जायचे. आता खारा वारा तिला खात चालला होता. ती पूर्ण खोलून, गंज काढून पुन्हा चालती करायची असं मी ठरवलं होतं. चालू झाली की बाबांनी आईला मागे बसवून निदान आरे-वारेच्या समुद्रापर्यंत न्यावं, अशी माझी मनातल्या मनात इच्छा होती.

मी लहान असताना आई त्या गाडीवर शेवटची बसली. मला मावशीकडे ठेवून दोघं गणपतीपुळ्याला गेली होती. परत येताना एका उतारावर चाक खड्ड्यात गेलं, हँडलखालचा पाइप मोडला आणि दोघंही पडली. बाबांना नुसतं खरचटलं. आईचा गुडघा मात्र कायमचा गेला. बाबांचं म्हणणं, चूक माझी. ती काहीतरी गमतीचं बोलली, मी हसत मागे वळून बघितलं आणि खड्डा दिसला नाही. आईचं म्हणणं, गाडी आधी खचली, मग चाक खड्ड्यात गेलं. हा वाद आमच्याकडे कधी मिटला नाही, कारण बाबा वाद घालतच नसत. आईला त्यांनी पुन्हा कधी मागे बसवलं नाही, एवढंच. आणि रस्त्याने जाताना ते नेहमी तिच्या चार पावलं पुढे चालायचे. बाजारात, देवळात, लग्नाकार्यात, कुठेही. मास्तरांना लंगड्या बायकोची लाज वाटते, असं शेजारी कुजबुजत. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं आणि मी मनातून बाबांवर जळफळत असे. शेवटी आईनेच एकदा सांगितलं, "लाज कसली रे! मी लंगडताना त्यांना बघवत नाही."

गाडी खोलायला घेतली तर लोखंड दिसेचना. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल बाबा दरवर्षी पावसाआधी फ्रेमला फासत. काळं, चिकट, कातडीला लागलं तर फोड उठवणारं. पण वाळलं की त्याचं असं कवच बनतं की पाण्याची काय बिशाद आत शिरायची. घाटावरचा माणूस मोटारसायकलला असलं काही फासणार नाही. आमच्याकडे जे होडीला, ते वाशांना, ते गाडीला. मी बोथट सुरीने ते थर खरवडत बसलो.

काळं निघालं तसा एकेक सांधा उघडा पडू लागला आणि मला हसू आलं. जुन्या गाड्यांचे भक्त नेहमी म्हणतात, काय ते जुनं काम, आता तसं होणे नाही! खरंच आहे, आता तसं केलं तर मी फुली मारीन. गिऱ्हाइकाची नजर जाते तिथे खवल्याखवल्यांची सुबक रेघ, आणि टाकीखाली, इंजिनामागे, जिथे कोणी वाकून बघणार नाही तिथे नुसती ढेकळं आणि शिंतोडे. पाळी संपत आलेल्या कोणा कामगाराने उरकून टाकलेलं काम. पण ओबडधोबड म्हणजे कच्चं नव्हे. धातू आतपर्यंत एकजीव झालाय का, रेघेच्या कडेला पाइप वितळून खाल्ला गेला नाही ना, हे बघायचं असतं. त्या हिशेबाने एकेक सांधा ठणठणीत निघत होता. कामावर असतो तर खूश झालो असतो. इथे मात्र प्रत्येक चांगल्या सांध्यागणिक माझा धीर खचत होता, कारण सकाळीच आई कोकम सरबताचा पेला घेऊन माझ्याजवळ येऊन टेकली होती.

"काही दिसलं?" तिने हळू आवाजात विचारलं.

"अजून नाही."

"दिसो न दिसो. त्यांना सांग, कारखान्याचं वेल्डिंगच खराब होतं. तू त्यातला माहीतगार. तुझं ऐकतील."

"आणि खराब नसलं तर?"

"नसायला काय झालं? गाडी आधी खचली, मला बसल्या जागी कळलं. मी काय मेली खोटं बोलत्ये?"

"आई, जे नाही ते मी सांगणार नाही."

"मग नको सांगूस." गुडघ्यावर हात दाबून ती उठली. "पण माणूस म्हातारा झाला रे. हे ओझं डोक्यावर घेऊन जायला नको त्यांनी."

मला तिचा रागही आला आणि रडूही आलं. एवढी वर्षं दुखला तो गुडघा तिचा, आणि ही फुंकर घालत बसली होती बाबांना.

हँडलखालचा मोडका पाइप मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. अपघातानंतर मेकॅनिकने तो नीट जोडलाच नव्हता. मोडीवर जाड पाइपाचा तुकडा बांगडीसारखा चढवून त्याची दोन्ही टोकं चहूबाजूंनी वेल्ड करून टाकली होती. मोड आत तशीच बंद. मी ती बांगडी उभी कापून काढली, मोडीच्या तोंडाशी भिंग नेलं, मग भिंग सदऱ्याला पुसून पुन्हा नेलं. निम्म्या भागावर साधा तांबूस गंज होता. उरलेला निम्मा, सांध्याच्या बाजूचा, काळा कुळकुळीत. तेल! बांगडी बसल्यावर आत काही शिरायची सोय नव्हती. म्हणजे हे तेल अपघाताआधीच्या कुठल्या तरी मे महिन्यातलं. आणि ते शिरलं, म्हणजे तिथे भेग आधीपासून होती. भेगेच्या सुरुवातीला, टाकीखाली येणारा कारखान्याचा सांधा होता, कडेला पाइप खाल्लेला. सगळ्या फ्रेमवर तसा तो एकटाच. मी खिशातला खडू काढला आणि जन्मात कधी मारली नव्हती इतक्या आनंदाने त्याच्यावर फुली मारली.

बाबांना हाताला धरून पडवीत आणलं आणि सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिनं पढवलंन् ना तुला?" ते म्हणाले.

"पढवलंन्. पण हे तिला माहीत नाही."

"ग्रीस असेल ते. नाहीतर डांबर."

मी सुरीच्या टोकावर त्या काळ्याची कपची उचलली आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली. चुर्र झालं, धूर निघाला आणि भाजक्या काजूचा घशाला झोंबणारा वास पडवीभर पसरला. तो वास ओळखायला कोकणातल्या माणसाला भिंग लागत नाही. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अरे, पडवीत काजू कोण भाजतंय?"

बाबांनी मोडीला बोट लावलं. "म्हणजे आधीच..."

"आधीच. खड्डा नुसता निमित्ताला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. सांधा धड असता तर गाडी आदळली असती, मोडली नसती."

मला वाटलं, आता चेहरा उजळेल. तो आणखीच पडला. "मग तेल कोणी फासलं?" ते म्हणाले. "लोखंड कोरडं असतं तर भेग दिसली असती. मीच ती झाकली, माझ्या हातानं."

धन्य आहे त्या माणसाची! एका दाराने सोडवून आणलं तर दुसऱ्या दाराने तुरुंगात जाऊन बसला.

आई तोवर येऊन उभी होती. "कुठली जागा म्हणता?" तिने विचारलं. मी खडूची फुली दाखवली. ती वाकली, बघितलं आणि हसायलाच लागली. "अहो, ती जागा तुमची कुठली? तुमचा पंजा तरी शिरतो का तिथे? टाकीखालचं सगळं मी करायची, हाताला चिंधी गुंडाळून. हे बघा." तिने मनगट पुढे केलं. फोड येऊन गेल्याचा जुना डाग होता. "विसरलात?"

बाबा विसरले होते, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"म्हणजे भेग दिसायला हवी होती ती मला," आई म्हणाली. "आता काय करता? मला दोष देता?"

"तुला कशास?" बाबा घाईघाईने म्हणाले. "काळ्या तेलात काळी भेग. ती कुणाला दिसणार, गो?"

"हेच," आई म्हणाली. "इतकी वर्षं हेच सांगत्ये मी."

बाबांनी तिचं मनगट धरलं आणि त्या डागावरून अंगठा फिरवत बसले. त्यांचे डोळे भरले होते. मीही उगाच फ्रेम पुसायला घेतली.

संध्याकाळी दोघं देवळात निघाली. फाटकाबाहेर बाबा सवयीने पुढे गेले, मग थांबले. आई जवळ येईपर्यंत थांबले आणि तिच्या बाजूने, तिच्या पायाकडे बघत, तिच्या चालीने चालू लागले. आमच्याकडची पाखाडीची वाट अरुंद, दोन्हीकडे दगड रचून केलेले गडगे. थोड्या वेळाने वळणापलीकडून आईचा आवाज आला.

"अहो, जरा पुढे व्हा की. दोघांना वाट पुरत नाही."

मी कान देऊन ऐकत होतो. बाबा काही पुढे झाले नाहीत.