सर्वांना सारखी वाट : माझ्या प्रतिस्पर्धी विमलताई खेरडे

विमलताई खेरडे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात माझा लेख पाहून शेंदूरजनाघाटातल्या काही मंडळींना नवल वाटेल. गावात घरोघरी इंटरनेट पुरवणारे म्हणून ताईंचे आणि माझे नाव एका दमात घेतले जाते खरे, पण ते बहुधा तुलना करण्यासाठी. त्यांची गिऱ्हाइके मी ओढतो, माझी त्या ओढतात. संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मी आधी ताईंनाच विचारले, "लिहू काय?" त्या म्हणाल्या, "लेह्य. पण तुह्यं नेट चांगलं हाये अशी जाहिरात त्यात घालू नको." ती अट मी पाळणार आहे.

मी मूळचा चांदूर रेल्वेचा. सासुरवाडी इथली, म्हणून मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकायला इथे आलो. त्या वेळी गावात इंटरनेट देणाऱ्या एकट्या विमलताईच होत्या. त्यांचा आधी केबल टीव्हीचा व्यवसाय होता. पती मधुकरराव संत्र्याचा बगीचा सांभाळत आणि ताई गावभर पसरलेल्या तारा. पुढे टीव्हीच्या तारेमागून इंटरनेटची फायबर आली, तेव्हा ती वरूडहून इथवर आणायचे धाडसही त्यांनीच केले. माझ्या दुकानात येणारी माणसे नेट अडकते, फोन लागत नाही, अशा तक्रारी करत. ते ऐकून मला वाटले, आपणही हा धंदा करून पाहावा. रीतसर परवानग्या काढल्या आणि बाजारओळीत माझी पहिली तार ओढली. दुसऱ्याच दिवशी ताईंचा निरोप आला की घरी येऊन जा. माझ्या बायकोने निघताना बजावले, "भांडण करजा नोका."

मी भांडणाच्या तयारीनेच गेलो होतो. ताई ओसरीत बसल्या होत्या. पाणी आले, चहा आला, आणि मग त्या म्हणाल्या, "काल मी तुह्या तारीखालून गेली. जोड उघडाच ठेवला तुनं. त्यात धूळ गेली का लाइन बसते. मंग लोकं म्हणतीन, हा नेटचा धंदाच खराब हाये. तुह्यासंगं माह्यंबी नाव जाईन." एवढे बोलून त्यांनी आतून फायबर जोडायचे मशीन आणले. काचेच्या केसासारख्या दोन तारा ते एकजीव करते. गावात तेव्हा तेवढे एकच मशीन होते. "हे घेऊन जाय. जोड नीट कर आन आणून देजो."

मला राहवले नाही. "ताई, मी तुमचेच गिऱ्हाईक घीन. मंग हे मशीन मले काहून देऊन राहिल्या?"

ताई हसल्या. "गावात एकच दुकान असलं का दुकानदाराले गिऱ्हाइकाचं ऐकू येत नाही. मलेबी आताशा कमी ऐकू येऊन राहिलं होतं. तू आला, बरं झालं."

आमची ओळख झाली ती अशी. एकीकडे त्यांनी मला मशीन दिले आणि दुसरीकडे त्याच महिन्यात आपल्या लाइनचा वेग वाढवला, तक्रारीचा फोन स्वतः घ्यायला लागल्या आणि माझ्या वाट्याला येऊ घातलेली निम्मी गिऱ्हाइके परत फिरवली. मदत करताना त्यांनी हात आखडला नाही आणि स्पर्धा करतानाही नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाजवळ असू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

एकदा रस्त्याच्या खोदकामात माझी मुख्य तार तुटली. गावातल्या मुलींची ऑनलाइन परीक्षा चालू होती. मी खड्ड्यापाशी उभा राहून कोणाकोणाला फोन करत होतो, तेवढ्यात ताईंचा माणूस आला आणि त्याने माझी लाइन त्यांच्या लाइनला जोडून दिली. माझ्या गिऱ्हाइकांना काही झाल्याचे कळलेच नाही. ताईंनी या गोष्टीची कुठे वाच्यता केली नाही. मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "पेढे ठेव. पण एक सांगतो, तुह्या गिऱ्हाइकाईले आज पह्यल्यांदा बरं नेट भेटलं असंन." मधुकरराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता ज्या प्रसंगामुळे ताईंचे नाव अमरावती-अकोल्यापर्यंत गेले, तो सांगतो.

नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द वर्तमानपत्रात अनेकांनी वाचला असेल. अर्थ साधा आहे. ज्याने तार टाकली त्याने त्या तारेवरून काय पळावे आणि काय रखडावे हे ठरवू नये. सगळ्यांना सारखी वाट द्यावी. दिल्लीत यावर पुष्कळ वाद झाले, नियम झाले. आमच्या गावात तो वाद फळखरेदी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या रूपाने आला. कंपनीचे अकोल्याचे अधिकारी श्री. काळे एक दिवस आम्हा दोघांना भेटले. कंपनीने संत्रा विकण्यासाठी मोबाइलवरचे एक ॲप काढले होते. ते आमच्या दोन्ही लाइनवर सर्वांना फुकट चालावे, ज्याने जोडणी घेतली नाही त्यालाही आमच्या वायफायवरून, अशी त्यांची मागणी होती. बदल्यात अमरावतीहून मोठ्या क्षमतेची लाइन कंपनी स्वखर्चाने आणून देणार होती. अट एवढीच की तोडीच्या हंगामात त्यांचे ॲप पुढे राहील आणि विक्रीची इतर ॲप, व्हिडिओ कॉल वगैरे त्याच्या मागे. हे आमचे खाजगी जाळे असल्याने त्याला नियम लागू नाही, असे काळे साहेबांचे म्हणणे होते. ते खरे की खोटे हे वकिलांनी पाहायचे. आम्हाला मात्र होय किंवा नाही म्हणायचे होते.

मी होय म्हणण्याच्या बाजूचा होतो, हे इथे मोकळेपणाने लिहितो. ज्याला नेट परवडत नाही त्याला निदान बाजारभाव तरी फुकट दिसेल आणि गावाला मोठी लाइन मिळेल, असे माझे म्हणणे होते. ताईंनी ते शांतपणे ऐकले. "मले नाही पटत," त्या म्हणाल्या. "पण तुले पटते आन मले पटत नाही, यात गावाचं काय? ज्याईचा माल हाये त्याईलेच विचारू."

अशी ती सभा संत्रा पॅक करायच्या एका शेडमध्ये भरली. बागायतदार पालथ्या कॅरेटांवर बसले. ताईंनी आग्रह धरला की काळे साहेबांनी आधी बोलावे आणि त्यांना कोणी मध्येच तोडू नये. काळे साहेब उत्तम बोलले. ते बसल्यावर दादाराव नावाचे आमच्याकडचे एक वडीलधारे बागायतदार उठले आणि म्हणाले, "फुकट भेटून राहिलं त काहून नाही घ्यायचं?" शेडमध्ये हशा पिकला. प्रश्न सगळ्यांच्याच मनातला होता.

ताईंनी त्यांनाच उलट विचारले, "दादाराव, मागच्या तोडीले तुमी माल कोणाले देला?"

"बेंगलोरच्या पार्टीले. नातीनं फोनवर बगीचा दाखोला, त्याईनं तिथूनच पसंत केला."

"भाव कसा भेटला?"

"इथल्यापरीस बरा."

"आता या योजनेत तुमच्या नातीचा तो फोन मांगं राहीन आन साहेबाचं ॲप पुढं. पार्टीले तुमचा बगीचा अडकत अडकत दिसंन. ते म्हणतीन, जाऊ द्या, दुसरीकडं पाहू. मंग माल कोणाले देसान? साहेबालेच. साहेब, मी काही खोटं बोलून राहिली असंन त सांगा."

सगळ्यांच्या माना काळे साहेबांकडे वळल्या. ते म्हणाले, "खोटं नाही. हंगामात तसं होईल." त्यांच्या या सरळ उत्तराचे ताईंना फार कौतुक वाटले. त्या लगेच म्हणाल्या, "पाहा, माणूस खरा हाये. योजना आपल्या कामाची नाही, ते येगळं."

मीही उठलो. मी विचारले, "सगळ्याईले सारखीच वाट म्हणता, मंग उद्या दवाखान्यातला डॉक्टर व्हिडिओवर अमरावतीच्या मोठ्या डॉक्टराशी बोलत असंन, त त्यालेबी रांगेत उभं ठेवाचं काय?" ताई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "जिवाची नड पाहून कोणाले पुढं काढणं येगळं आन पैसे देले म्हणून पुढं काढणं येगळं. पण सुधाकर, तुहा प्रश्न खरा हाये. नड कोणाची मोठी हे ठरोणार कोण, याचं उत्तर माह्यापाशी नाही." भर सभेत, बाजू जिंकत आलेली असताना, प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा असा मान्य करणारी व्यक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. त्या प्रश्नावर आम्ही आजही चहा पिताना वाद घालतो आणि माझे अजून पुरते समाधान झालेले नाही. त्या दिवशी मात्र बागायतदारांनी योजना नको म्हटले. ते मीही मान्य केले.

कंपनी गप्प बसणारी नव्हती. तिने गावात स्वतःचीच लाइन टाकायचे ठरवले, सुरुवातीचे काही महिने फुकट. ताईंकडची कामगार मंडळी हादरली. कोणी म्हणाले, नगरपरिषदेत तक्रार करून परवानगी अडवू. मलाही ते बरे वाटले होते. ताईंनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितले, "स्पर्धा पाह्यजे असं आपणच म्हणतो न? मंग ते आपल्या दारात आली त रडाचं काहून? येऊ द्या त्याईले." एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कंपनीची माणसे खोदायला आली, तेव्हा पाण्याची जुनी पाइपलाइन कुठून जाते हे दाखवायला त्यांनी आपला माणूस पाठवला. "पाइप फुटला त तहानलं गावच राहीन," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

फुकट लाइनकडे गाव लोटले. ताईंच्या सख्ख्या दिरांनीही ती घेतली. ताई त्यांच्या घरी गेल्या, पोहे खाल्ले आणि विचारले, "कसं चालून राहिलं? आमच्यापरीस तेज हाये काय?" दीर बिचारे खाली मान घालून म्हणाले, "सध्या त तेज हाये, वहिनी." ताई म्हणाल्या, "मंग आमालेबी वाढवा लागंन." आणि त्या खरोखर त्याच कामाला लागल्या. त्यांनी मला बोलावून घेतले आणि सुचवले की अमरावतीहून मोठी लाइन आपण दोघांनी मिळून आणू, घरोघरीची गिऱ्हाइके मात्र आपापली. पहिल्यांदाच आम्ही भागीत काही केले. मुख्य तार एक, धंदे दोन. त्यावर कोणाचेही ॲप पुढे नाही, कोणाचेही मागे नाही.

आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू झाली. ताई सभेत बोलल्या होत्या तसेच झाले. नव्या लाइनवर कंपनीचे ॲप झरझर उघडे, पण बाहेरच्या व्यापाऱ्यांचे व्हिडिओ कॉल अडखळत. बागायतदार एकेक करून आमच्याकडे परतू लागले. दादाराव आले ते थेट ताईंच्या ओसरीवर. "विमल, नातीचा फोन लागत नाही वो." ताईंनी ना टोमणा मारला, ना सभेची आठवण काढली. "बसा, चहा घ्या. तवरीक पोरगी येऊन लाइन जोडून देते," असे म्हणून त्या फोन करायला उठल्या.

पोरगी म्हणजे त्यांनी तयार केलेल्या तंत्रज्ञ मुलींपैकी एक. वरूडच्याच नाही, नांदगाव खंडेश्वरच्या मुलीही त्यांच्याकडे फायबरचे काम शिकून गेल्या आहेत. मुलींनी शिडीवर चढावे का, असे कोणी विचारले की ताई म्हणत, "तारीले कुठं समजते कोण जोडून राहिलं ते." त्यांच्याकडे शिकलेली एक मुलगी आज माझ्याकडे नोकरीला आहे. ताईंनीच तिला पाठवले, आणि मी देणार होतो त्यापेक्षा जास्त पगार मागायला शिकवून पाठवले.

पुढे काळे साहेबांनीच आपल्या वरिष्ठांना पटवले आणि कंपनीने ती मागे-पुढे करायची पद्धत सोडून दिली. त्यांची लाइन गावात आजही आहे, सरळ चालते, चांगली चालते. आज शेंदूरजनाघाटात तीन पुरवठादार आहेत आणि तिघांनाही गिऱ्हाइकाचे नीट ऐकू येते. या ग्रंथाच्या संपादक मंडळात काळे साहेब आहेत. माझ्याकडे लेख मागायला तेच आले होते, आणि ताईंविषयी बोलताना ते माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलले.

ताईंचे गुडघे आता कुरकुरतात. अमरावतीच्या डॉक्टरांनी गच्च्या आणि शिड्या बंद करायला सांगितल्या आहेत. तक्रारीचा फोन मात्र त्या अजून कोणाच्या हाती देत नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला फोन केला. "सुधाकर, तुह्या गल्लीतले दोन घरं माह्याकडं आले बरं. राग मानू नको." मी म्हणालो, "राग नाही मानत ताई, पुढच्या महिन्यात परत आणतो." त्या म्हणाल्या, "आण न. पाहतो मी." मग आम्ही दोघेही बराच वेळ हसत होतो.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो, मधुकररावांच्या बगीच्याला दर वर्षी भरघोस बहार येवो. या शुभेच्छेत माझा थोडा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. ताई ठणठणीत आहेत तोवर मला आळशी होता येणार नाही, आणि मी आळशी झालो नाही तर या गावाचे भलेच होईल. त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथातही मीच लिहावे अशी इच्छा आहे. तेव्हाही गावात त्यांची गिऱ्हाइके माझ्यापेक्षा जास्तच असावीत. फार नाही, दोन घरांनी.