कुसुमताईंचा चौसष्ट नंबर

टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून मॅच बघणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच बघितली, आमच्या कुसुमताई. स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल टीव्हीपुढे ओढायच्या, चष्मा कपाळावर सारायच्या आणि पहिलं बोट एका खेळाडूवर टेकवायच्या. तो सरकला की बोट सरकायचं, तो पडला की बोटही खाली. मैदानावरची बाकीची माणसं काय करतायत, तो लांबोडका चेंडू गेला कुठे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. मॅच संपली की काच ओशट झालेली असायची, ती पदराने पुसायच्या. "जिंकलं कोण?" असं मी विचारलं की म्हणायच्या, "ते बघायचं राहिलंच की गं."

बोटाखाली असायचा त्यांचा मुलगा, मिलिंद. पण त्याच्याकडे वळण्याआधी कुसुमताईंबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटायचं नाही.

त्या मूळच्या मिरजेच्या. लंडनच्या स्टॅनमोर भागात आमच्यापासून दोन घरं सोडून राहायच्या. नवरा डॉक्टर होता, तो मिलिंद शाळेत असतानाच गेला. त्या स्वतः इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, म्हणजे हातपाय मोडलेल्यांना पुन्हा चालतं करणाऱ्या. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा ओळख करून घ्यावी म्हणून मी चकल्यांची डिश घेऊन त्यांच्याकडे गेले. नाव नाही, गाव नाही, बाई म्हणाल्या, "डिश ठेव तिथे. आता दारापर्यंत चालून दाखव." मी मुकाट्याने चालले. "शॉपिंगच्या पिशव्या नेहमी उजव्या हातात घेतेस ना? आजपासून दोन्हीकडे वाटून घ्यायच्या. बस, चहा टाकते."

ज्याला त्याला हेच, चालून दाखवा. एकदा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला पुण्याहून एक मोठे कादंबरीकार आले होते. भाषण संपलं, हार घालून झाला, आणि कुसुमताईंनी त्यांना खुर्च्यांच्या रांगांमधून दोन फेऱ्या मारायला लावल्या. म्हणाल्या, "कादंबरी चांगली आहे तुमची. पण डाव्या बुटात जाड सोल घाला, म्हणजे कंबर धरणार नाही." पुढच्या वर्षी त्या गृहस्थांचं पत्र आलं. त्यात कादंबरीचं नाव नव्हतं, कंबरेचं होतं.

तर मिलिंद. दरवाजात वाकून शिरणारा, आडव्या अंगाचा मुलगा. इथे शाळेत रग्बी खेळायचा. इंजिनिअरिंग शिकायला कॅनडात गेला आणि तिथे युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीममध्ये घेतला गेला. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे जाळी, खांद्यांवर पॅडं. "ते रविवारी टीव्हीवर अमेरिकन दाखवतात, तेच ना?" आमच्या ह्यांनी विचारलं. कुसुमताई म्हणाल्या, "छे, त्यांना पुढे सरकायला चार संधी मिळतात. आमच्याकडे तीनच." 'आमच्याकडे' अशा थाटात, की जणू मिरजेलाच खेळतात.

मिलिंद चौसष्ट नंबरचा शर्ट घालून रांगेत खेळायचा. रांगेतल्या मुलांनी एक हात जमिनीला टेकून ओणवं बसायचं, चेंडू हलला की उठून समोरच्या धिप्पाड मुलांना अंगाने अडवायचं. चेंडू मागच्यांकडे. टाळ्या मागच्यांना. त्याच्या हाताला चेंडू लागायचाच नाही. मी म्हटलं, "कुसुमताई, हे काय हो, पोराला कुणी चेंडू देतच नाही."

"त्याच्या मागचा मुलगा मॅच संपल्यावर धड उभा असतो ना? मग झालं तर. माझंही कामच तसलं आहे की."

दर मॅचची टेप टीमवाले काढायचे, खेळाच्या अभ्यासासाठी. त्यातली एक कॉपी मिलिंद आईला पाठवायचा. पहिली टेप आली तेव्हा कुसुमताईंनी मला बोलावलं, शंकरपाळे काढले, दिवा मालवला आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा, आणि आवाज मात्र स्वच्छ. लोकांचा आरडाओरडा, शिट्ट्या, पॅडांवर पॅडं आपटल्याचे धाडधाड आवाज. आम्ही दोघी सगळी मॅच तशीच ऐकत बसलो. प्रत्येक धाडला त्या म्हणायच्या, "हा तो नव्हे." हॅरोच्या टीव्हीवाल्या पटेलभाईंनी दुसऱ्या दिवशी उलगडा केला. तिकडची टेप इथल्या मशीनवर चालत नाही. त्यांनीच दोन्ही चालवणारं मशीन आणून दिलं, आणि काचेवरचं ते बोट सुरू झालं.

त्या वर्षी मिलिंदचं शेवटचं वर्ष. टीम जिंकत चालली होती, एवढं तर मलाही कळत होतं. टेप यायला आठवडा लागायचा, त्यामुळे आम्ही नेहमी मागच्या शनिवारची मॅच बघायचो. नोव्हेंबरात एक टेप आली. मैदानावर चिखल, कडेला बर्फ. कुसुमताईंचं बोट काचेवर होतं, ते एकाएकी थांबलं. त्यांनी टेप मागे घेतली. पुन्हा बघितली. मग मागच्या महिन्यातली टेप लावली.

"हात बदललाय," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?"

"हा नेहमी उजवा हात टेकतो जमिनीला. आता डावा टेकतोय. आणि उठताना बघ. तोंड बघू नकोस गं, जाळीत काय दिसणार? खांदे बघ. उजव्यावर भारच देत नाहीये."

मला काही दिसलं नाही. मला चोवीस चिखलाचे गोळे दिसत होते.

रविवारी त्याचा फोन यायचा. रिसीव्हर कानापासून लांब धरायची त्यांना सवय, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू आलं.

"मिलिंद, कोट घालताना आधी कुठला हात घालतोस?"

"आई, थोडं स्टिफ आहे, दॅट्स ऑल."

"वरच्या फडताळातला कप काढ बघू उजव्या हाताने. मी थांबते."

"आई, प्लीज. सॅटर्डेला सेमीफायनल आहे. मी सांगितलं तर दे विल बेंच मी, बाहेरच बसवतील. चार वर्षं थांबलोय मी ह्याच्यासाठी."

"आणि खांदा चाळीस वर्षं लागणार आहे. गुरुवारपर्यंत तू सांग तुझ्या कोचला. नाहीतर शुक्रवारी मी सांगेन."

"यू वुडन्ट."

"तू मला ओळखत नाहीस का रे?"

गुरुवार गेला. फोन नाही. शुक्रवारी दुपारी त्या हॉस्पिटलातून लवकर आल्या आणि मला हाक मारली. टीमच्या छापील कार्यक्रमावर कोचच्या ऑफिसचा नंबर होता. तो कागद मांडीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, "फोन केला तर तो मला माफ करणार नाही, शालू. नाही केला आणि उद्या खांदा निखळला, तर मी मलाच माफ नाही करणार." मी शाळेतली डिनर लेडी, पोरांच्या ताटात बटाटे वाढणारी. मी त्यांच्यासाठी चहा केला. तो थंड झाला, आणि त्यांनी नंबर फिरवला.

"हॅलो. धिस इज नंबर सिक्स्टी-फोर्स मदर."

कोच भला माणूस असावा. त्याने त्याच दिवशी मिलिंदला डॉक्टरांपुढे उभं केलं आणि संध्याकाळी स्वतः फोन करून कळवलं. खांद्याच्या आतला सांधा सैल झालेला, अजून एक जोराचा धक्का बसता तर ऑपरेशनच. मिलिंद खेळणार नव्हता. कुसुमताईंनी "थँक यू" म्हटलं, फोन ठेवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना पदराने काच सोडून दुसरं काहीतरी पुसताना बघितलं.

त्या रविवारी फोन वाजला नाही. पुढच्याही रविवारी नाही. कुसुमताई कामावर जायच्या, लोकांना चालवायच्या, घरी येऊन फोनजवळ विणत बसायच्या. मी म्हणायची, "तुम्हीच करा की." तर म्हणायच्या, "दुखऱ्या सांध्याला ओढायचं नसतं. हलेल तो आपणहून."

मग टेप आली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. त्यांनी स्टूल ओढलं, बोट वर केलं आणि ते तसंच हवेत राहिलं. ठेवणार कुठे? रांगेत चौसष्ट नंबर नव्हताच. आम्ही मॅच बघत राहिलो. अर्ध्यावर मीच ओरडले, "अहो, तो बघा, कडेला."

बाकाजवळ मिलिंद उभा होता. हेल्मेट नाही, जाळी नाही. सीझनभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसत होता, थंडीने नाक लाल झालेला. त्याच्या जागी खेळणाऱ्या मुलाला तो पाय कसा रोवायचा ते दाखवत होता. तो मुलगा मैदानात पळाला, तसं मिलिंदने वर कॅमेऱ्याकडे बघितलं. मग तो कमरेत वाकला, डाव्या हाताने बाकाची पाठ धरली, आणि उजवा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवायला लागला. पुढे मागे, पुढे मागे. कुसुमताई त्यांच्या सगळ्या पेशंटांना देतात तोच व्यायाम. सगळं स्टेडियम चेंडूकडे बघत होतं, आणि हा पठ्ठ्या आईला व्यायाम करून दाखवत होता.

कुसुमताईंनी चष्मा नाकावर घेतला. नीट बघितलं. म्हणाल्या, "कोपर ताठ ठेवतोय गाढव." आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की स्टूल कलंडलं. त्या रविवारी फोन आला.

ती मॅच त्यांची टीम जिंकली की हरली, मला आजही माहीत नाही.

पुढे मिलिंद तिकडेच रमला, लग्न झालं, मुलगी झाली. कुसुमताई रिटायर झाल्या तेव्हा तो त्यांना न्यायला आला. हीथ्रो विमानतळावर आम्ही सगळे सोडायला गेलो होतो. मिलिंदने जड बॅग उजव्या हाताने सहज उचलून ट्रॉलीवर ठेवली, आणि मी कुसुमताईंकडे बघितलं, त्यांना किती बरं वाटलं असेल म्हणून. तर त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"शालू, त्या खांबापर्यंत चालून दाखव."

"अहो, इथे? लोक बघतायत."

"बघू देत. चाल."

डावा गुडघा सहा महिने दुखत होता माझा. ह्यांना सांगितलं नव्हतं, मुलांना सांगितलं नव्हतं. घरात रोज मला बघणाऱ्या कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी साडी सावरून त्या ट्रॉल्यांच्या गर्दीतून खांबापर्यंत गेले आणि परत आले. त्यांनी एक बोट वर धरलं होतं आणि माझ्याबरोबर ते हवेत सरकत होतं, जातानाही आणि येतानाही.

"उद्या जीपी डॉक्टरांकडे जायचं," त्या म्हणाल्या. "रविवारी फोन करून विचारणार आहे मी."