बर्ली सायझमोरला पेलणारी खुर्ची

माझी मावशी आल्मेडा फ्यूगेट हिनं केंटकीतल्या लॉस्ट म्यूल खोऱ्यात एकतीस वर्षं टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी हातात कुऱ्हाड घेतली. केक कापून झाला होता, भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, आता बाई पोर्चवर बसून शेंगा सोलतील असा समस्त खोऱ्याचा अंदाज होता. मावशी म्हणाली, "बसायला आधी खुर्ची तर पायजे. ती मीच करते."

खुर्च्या करणारा आमच्याकडं एकच उरला होता, हार्गिस नेपियर. वय अठ्ठ्याऐंशी, दात चार, आणि शिकवायची तऱ्हा अशी की तोंड म्हणून उघडायचं नाही. मावशीनं त्याच्या अंगणात मेपलचा ताजा ओंडका फोडला, पाय तासले, आडव्या दांड्या तासल्या, गिरमिटानं भोकं पाडली आणि आठवड्याभरात खुर्ची ठोकून उभी केली. म्हातारा तंबाखू चघळत बघत राहिला. खुर्ची अशी देखणी झाली की मावशीनं ती थेट चर्चला देऊन टाकली, पाद्रीबुवांना शेगडीजवळ बसायला.

जानेवारीत, दुसरं स्तोत्र चालू असताना, ती खुर्ची फुलासारखी उमलली. चार पाय चार दिशांना गेले आणि पाद्रीबुवा हातात एक दांडी धरून जमिनीवर. गाणं कुणी थांबवलं नाही, त्यांनीही नाही. दांडीनं ताल मात्र धरला.

"ओलं लाकूड सुकलं की आक्रसतंय," हार्गिस दुसऱ्या दिवशी म्हणाला. "दांड्या बारीक झाल्या, निसटल्या."

"ठाऊक होतं तर आधी का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस, पोरी. आता जन्मभर पाद्रीबुवा डोळ्यांपुढं राहतील."

त्रेसष्ट वर्षांची पोरगी इरेला पेटली. पुढची खुर्ची तिनं वर्षभर सुकवलेल्या लाकडाची केली. दांडी ठोकायला गेली तर पाय बंदुकीसारखा वाजून उभा चिरला. दुसरा पायही चिरला. तिसरा चिरल्यावर शेजारचा कुत्रा गाव सोडून गेला तो चार दिवसांनी आला. मग कुठं तिला उमगलं की पाय ओले हवेत आणि दांड्या चुलीमागं ठेवून खडखडीत वाळवलेल्या. पाय सुकत जातो तसा दांडीला आवळतो, दांडी हवेतला ओलावा पिऊन फुगते, आणि दोघं एकमेकांना असं धरून बसतात की खिळा नको की गोंद नको.

"नवरा-बायकोगत," हार्गिस म्हणाला.

"माझा निसटला," मावशी म्हणाली. "आम्ही दोघंबी ओलेच होतो."

पाठीच्या बाजूचे दोन पाय उकळत्या पाण्यातनं काढून वाकवायचे असतात. त्यातही तिनं एक जास्त वाकवला, एक कमी. ती खुर्ची अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे. तिच्यावर बसलं की शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगायला कललोय असं वाटतं, आणि माणूस खरोखरच सांगायला लागतो. माझी अर्धी गुपितं तिथं फुटली आहेत.

पण ही सगळी रंगीत तालीम. खरी परीक्षा होती बर्ली सायझमोर.

बर्ली कोळशाचा ट्रक चालवायचा. माणूस लोण्यासारखा, वजन तीनशे वीस पौंड. दोन वर्षांपूर्वी बायकोला पुरून आल्यावर चर्चमधल्या जेवणाला तो घडीच्या खुर्चीवर बसला आणि खुर्चीची खरोखरच घडी झाली. ओहायोहून आलेले दोघंतिघं पाहुणे फिस्सकन हसले. त्या दिवसापासून बर्ली जेवणावळीत बसला नाही. चर्चच्या आवारातल्या अक्रोडाच्या झाडाखाली ताट हातात घेऊन उभा राहायचा, कुणी विचारलं तर म्हणायचा, पाठ धरलीय. टेबलाकडं बघत एकटा जेवायचा आणि शेवटचं गोड, म्हणजे फळांचा कॉबलर, यायच्या आत घरी जायचा. मावशीनं एकतीस वर्षं त्याच्या टपालपेटीत बियाण्यांची पुस्तकं टाकली होती आणि त्याला वाकून वाफे खणताना बघितलं होतं. त्याची पाठ ठणठणीत होती हे तिला पक्कं माहीत होतं.

एक दिवस दोरी घेऊन ती त्याच्या दारात गेली. "उभा राहा. माप घ्यायचंय."

"शवपेटीचं का?"

"खुर्चीचं. ऑगस्टातल्या रविवारी बाहेरगावची सगळी परत येतात, त्या जेवणाला तू बसून जेवणारायस."

बर्लीनं दोरीचं टोक हातात घेतलं. "आल्मेडाबाई, एकदाच बसतो. पण मोडली तर मी त्या चर्चच्या आवारात पुन्हा पाऊल टाकणार नाय. तिथं माझ्या बायकोची कबर हाय, तरी नाय."

मावशीनं घरी येऊन थेट कुऱ्हाड उचलली. मग तीन महिने तिनं नुसती धांदल उडवून दिली. हिकरीच्या चिवट लाकडाच्या दांड्या चुलीमागं, पलंगाखाली, मी चालवायचो त्या शाळेच्या बसच्या इंजिनवर, जिथं ऊब मिळेल तिथं वाळत घातल्या. हिकरीचीच साल सोलून, भिजवून, बैठक अशी ताणून विणली की टिचकी मारली तर ढोलकी वाजावी. पाय मनगटाएवढे जाड, फक्त खाली निमुळते केले, कारण सगळीकडं जाड ठेवले तर खुर्ची म्हशीसारखी दिसते आणि बर्लीला अजून एक टोमणा नको.

मग पोर्चवर चाचणी. पन्नास पौंडांची एक अशी घोड्याच्या चंदीची सात पोती एकावर एक रचली आणि मावशी शिडी लावून वर जाऊन बसली. डोकं छपराला टेकत होतं, हातात टोमॅटोचं सँडविच.

"काय वाजतंय का?" तिनं वरनं विचारलं.

"तुझा जबडा," हार्गिस म्हणाला. त्यानं दांडी न् दांडी चाचपली आणि मान डोलावली. त्या माणसाची मान मी पहिल्यांदाच हललेली बघितली.

तो रविवार उजाडला. आदल्या दोन दिवसांत पाऊस झोडपून गेला होता, पण ऊन लख्ख पडलं. चर्चच्या दफनभूमीशेजारच्या हिरवळीवर लांबलचक टेबलं मांडली, त्यांवर कोंबडीचे डंपलिंग, शेंगा, कॉर्नब्रेड, नऊ तऱ्हेचे कॉबलर. ओहायोवाले गाड्यांतून उतरले. मावशीनं खुर्ची टेबलाशी बरोबर मधल्या जागेवर ठेवली, सगळ्यांच्या नजरेसमोर. बर्ली झाडाखालून निघाला तेव्हा पाद्रीबुवा जेवणाआधीची प्रार्थना म्हणत होते, तो पोचेपर्यंत सगळ्यांचे डोळे मिटलेले राहावेत म्हणून त्यांनी मुद्दाम दोन वाक्यं वाढवली.

बर्ली बसला.

खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. मावशीनं आपलं ताट पुढं ओढलं. बर्लीनं डंपलिंगला चमचा लावला आणि एक इंच खाली गेला.

मग आणखी एक. आवाज नाही, कूं नाही की कां नाही. निमुळते पाय भिजल्या हिरवळीत लोण्यातल्या सुरीसारखे चालले होते. खालची दांडी गवतात गेली. टेबल बर्लीच्या छातीशी आलं, मग गळ्याशी. बैठक जमिनीला टेकली तेव्हा तो थांबला. ताटाच्या मागं फक्त त्याची हनुवटी आणि डोळे उरले, आणि ते डोळे मावशीला शोधत होते.

सत्तर माणसं. सत्तर चमचे हवेत.  पोर्चच्या फळ्यांवर सात पोती तोलून दाखवणारी बाई खुर्ची गवतावर ठेवून बघायला विसरली होती.

ती गुडघ्यांवर बसली, गवतात हात घालून दांड्या हलवून बघितल्या. एक हलेल तर शपथ.

"मोडली का?" बर्लीनं ताटामागून हळूच विचारलं.

"नाय रे," मावशी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता आणि मला आधी वाटलं रडतेय. "खुर्ची धड हाय. केंटकी खचलं."

बर्लीच्या पोटातून काहीतरी घुमत वर आलं. आधी टेबल हललं, मग ताटं. तो असा हसला की हसता हसता आणखी अर्धा इंच रुतला. मग काय, पाद्रीबुवा टेबलाला धरून वाकले, ओहायोवाले गवतावर लोळले, हार्गिसचे चारही दात उन्हात चमकले.

"पायांखाली फळ्या लावायला पायजे होत्या," मावशी डोळे पुसत स्वतःशीच म्हणाली. "रुंद. बर्फावरच्या घसरगाडीसारख्या."

चार तगडे गडी बाह्या सरसावून आले. "चल बर्ली, उपटून काढतो तुला."

"हात लावू नका," बर्ली म्हणाला. "जेवण होऊ दे. दोन वर्षांनी बसलोय."

पण टेबल त्याला आता उंच पडत होतं. मावशीनं त्याचं ताट उचलून त्याच्या मांडीवर दिलं, आपलं घेतलं आणि शेजारी गवतावर फतकल मारली. हार्गिसला दोघांनी धरून खाली टेकवलं. मग पाद्रीबुवा आले, मग ओहायोवाले आपापल्या रविवारच्या कपड्यांसकट ओल्या गवतावर. टेबलं वर रिकामी, आणि खाली सत्तर माणसं बर्लीभोवती मांड्या घालून जेवत होती.

"आल्मेडाबाई," बर्ली तोंडात घास ठेवून म्हणाला, "तेवढा ब्लॅकबेरीचा कॉबलर इकडं सरकवा. आज मी काय लवकर उठत नाय."