रंगाऱ्याच्या हाताचा अंदाज

आमचे हे कापड रंगवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं रंगारी. रंगाच्या तापत्या कढईत झटकन दोन बोटं बुडवायची आणि सांगायचं, "अजून जाळ हवा," नाहीतर "बस, सोडा कापड." तिथं उष्णता मोजायचं यंत्र होतं, तरी मालक यांनाच हाक मारायचे. घरातही तेच. नातवाच्या आंघोळीचं पाणी काढलं, "अहो, जरा बघा हो" म्हटलं की स्वारी ऐटीत हजर.

बारा वर्षं साखर होती. गोळ्या घेतल्या तर घेतल्या. पायाला मुंग्या यायच्या, पुढे त्याही थांबल्या, तर यांना वाटलं सुटलो एकदाचे! दुखणं म्हणे हत्तीच्या पावलांनी येतं. हे मेलं कधी आत शिरलं तेच कळलं नाही. हाताची बोटंही बधिर झाली होती, पण ताकास तूर लागू दिली नाही. रंगाऱ्याची बोटं गेली म्हणजे उरलं काय?

त्या सकाळी पाय गार पडलेत म्हणाले, म्हणून शेकायला बादलीत पाणी ओतलं. वाफ दिसत होती मला. दिसत होती हो! तरी विचारलं, "अहो, बघा, जास्त तर नाही ना?"

यांनी बोटं बुडवली. "कोमट आहे गं. अजून ओत."

आणि मी ओतलं. एकतीस वर्षांचा हात तो, त्याला खोटं पाडणारी मी कोण?

पाय बाहेर काढला तर कातडी सुटून लोंबत होती. मी किंचाळले. हे हसले. "दुखत नाही, मग कसली बोंबाबोंब?" वर टूथपेस्ट फासली, मोजा चढवला आणि गेले कामावर. चार दिवस तिथं उभे! पाचव्या दिवशी घरात वास सुटला, तेव्हा मी भांडून दवाखान्यात नेलं.

तिथं ड्रेसिंगवाली ताई मेलेलं मांस कापून काढायची आणि हे तिच्याशी गप्पा मारायचे. शेजारच्या खाटेवरचा आचारी हात भाजला म्हणून वॉर्ड डोक्यावर घ्यायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. डॉक्टर म्हणाले, "त्याला दुखतं, म्हणून तो जपतो. यांना कळत नाही, आणि पायात रक्तही नीट पोचत नाही."

तीन आठवडे इन्सुलिन, सलाईन, रोजचं ड्रेसिंग. पाय टेकायची बंदी. तरी पायाची दोन बोटं गेलीच, आणि पू हाडापर्यंत पोचला. आता पाऊल राखायचं की कापून काढायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. सकाळी यांनी मला हळूच विचारलं, "जिवंत भाग काढत नाहीत ना गं?"

डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा घेऊन आले. "डोळे मिटा. धागा लागला की हो म्हणायचं."

तळव्याला लावला. हे गप्प. टाचेला लावला, घोट्याजवळ लावला. गप्पच. डॉक्टरांनी धागा ट्रेमध्ये ठेवला आणि कागदावर लिहायला लागले.

"हो," हे म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली.

"हो. आता लागलं. टाचेला. आई गं! चांगलंच दुखलं, डॉक्टर." डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम.

मला भडभडून आलं. डॉक्टरांनी पाऊल काढायच्या संमतीचा कागद माझ्यापुढे धरला. मी सही करत होते तरी हे "हो, हो" म्हणतच होते.