अकराव्या महिन्याचं कुलूप

ताबा घ्यायचा म्हणजे लोकांना काय काय करावं लागतं! कोर्टाचे खेटे, वकिलाची मनधरणी, बेलीफ, पोलीस. महिपतला यातलं काही लागलं नाही. रत्नागिरीजवळच्या कुवारबावातल्या त्याच्या दोन खोल्यांतून गोदानं आपला संसार आपल्याच हातांनी बाहेर काढून दिला, आणि वर लादी पुसून दिली. हसू नका. तिच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत.

गोदा नि महिपत एकाच वाडीतली. तिचा नवरा सदू गेला तेव्हा महिपतनंच तिला रत्नागिरीत आणलं. "वयनी, माझ्या खोल्या रिकाम्याच आहेत. भाडं द्या नि खुशाल राहा." गोदा राहिली आणि डबे द्यायला लागली. बँकेतली पोरं, कॉलेजातले मास्तर तिच्या कुळथाच्या पिठीला सोकावले. वाडीत जिला कुणी विचारत नव्हतं, तिच्या दारात येऊन इथं लोक म्हणत, "गोदाताई, उद्या अळूवड्या करा हां." तिचं पोट त्या खोल्यांवर होतं आणि पतही त्यांच्यावरच.

महिपतला मात्र एक धास्ती होती. त्याच्या आजोबांची भातजमीन कूळकायद्यात गेली होती, आणि ते दुःख त्या घरात श्राद्धाच्या पानासारखं दरवर्षी वाढलं जायचं. अकरा महिन्यांचा करार संपला की तो यायचा. "वयनी, गैरसमज नको. एक दिवस सामान बाहेर काढा, मी कुलूप लावतो, उद्या चावी परत देतो. ताबा तुटायला हवा, नाहीतर कूळ लागतं." कायद्यात असं काही असतं की नाही, देव जाणे! पण गोदा दरवर्षी शेगडी, पातेली, देव, सगळं पडवीत मांडायची, ताबा सोडल्याच्या कागदावर सही करायची आणि शेजारच्या आनंदीबाईंकडे निजायला जायची. सकाळी महिपत चावी द्यायचा, चहा पिऊन जायचा.

आनंदीबाई कपाळाला हात लावायच्या. "गो बाई, एक दिवस ही चावी परत यायची नाही, सांगून ठेवते."

गोदा चिडायची. "आपल्या वाडीतला माणूस आहे तो. तुम्हाला नाही कळायचं."

वाडीतला माणूस! यंदा महिपतचे गुडघे धरले होते, म्हणून त्याचा मुलगा समर्थ आला. सही झाल्यावर त्यानं मोबाइल समोर धरला. "काकी, चावी देताना जरा हसा."

"घे बाबा तुझ्या खोल्या," म्हणत गोदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळ गेली, दुपार गेली. देव पडवीत उन्हात बसून होते. संध्याकाळी समर्थ उगवला तो रंगाऱ्याला घेऊनच. "काकी, खोल्या आता पर्यटकांना रोजच्या भाड्यानं द्यायच्यात. तुम्ही कालच ताबा दिलात ना." गोदानं उभ्या उभ्या महिपतला फोन लावला. तो म्हणाला, "वयनी, पोरांपुढे आपलं काय चालतं?" मेल्याला लाज वाटली नाही! फोन मात्र त्यानंच आधी ठेवला.

व्हिडिओ समर्थनं तिला आपणहून पाठवला होता. गोदा तो घेऊन वकिलाकडे गेली. त्यानं तो दोनदा बघितला. "बाई, कुणी जोर केलेला दिसत नाही. कागदावर सही तुमचीच. आणि तुम्ही तर चक्क हसताय."

"माणूस ओळखीचा म्हणून हसले हो मी."

वकिलानं फोन तिच्या हातात परत दिला.

आनंदीबाईंनी सामान ठेवून घेतलं, पण त्यांच्या एका खोलीत शेगडी कुठे मांडणार? डबे बंद पडले. भूक कुणासाठी थांबत नाही, गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. गोदाला महिपतपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. इतकी वर्षं आपणच आपल्याला हाकलायची तालीम करत होतो आणि त्याला चहा पाजत होतो!

दिवाळीनंतर समर्थ पुन्हा आला. "काकी, पाहुण्यांना न्याहारीला घावणे-चटणी हवी असते. सकाळी येऊन कराल का?" त्याच्या तोंडावर थुंकावं असं वाटलं तिला. पण राग खाऊन पोट भरत नाही. ती हो म्हणाली.

पहिल्या सकाळी दार उघडंच होतं. गोदा सवयीनं आत पाऊल टाकणार, तोच समर्थनं हात आडवा घातला. "काकी, असं एकदम आत घुसायचं नाही. पाहुणे असतात. आधी बेल वाजवायची."

आणि त्यानं दार लावून घेतलं.

गोदानं बेल वाजवली.