पोटातल्या विहिरी आणि आमचे भाडेकरू डॉक्टर

आतड्याच्या पलीकडंही या जगात काही आहे, हे ज्याला ब्रह्मदेवही पटवून देऊ शकला नसता असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्याच घरात भाड्यानं राहत होता. मी सिंदीचा. चौथीच्या पुढं शाळेनं मला काही दिलं नाही, मीही तिच्याजवळ मागायला गेलो नाही. पण माणसाच्या आतड्याबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं आमच्या गावच्या हेडमास्तरालाही नव्हतं. ही सगळी त्या माणसाची कृपा. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा ते पुण्याकडून आले. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांची नोकरी होती. पण हे डॉक्टर कोणाची नाडी पाहत नव्हते की सुई टोचत नव्हते. लोकांच्या आतड्याचे तुकडे मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते रंगवून काचेच्या पट्टीवर चिकटवायचे आणि दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून बसायचं, हा त्यांचा धंदा. वर्ध्यात खोल्या मिळत असताना सिंदीत का राहता, असं मी विचारलं तर म्हणाले, "पॅसेंजरमध्ये विचार करायला वेळ मिळतो, भाऊ."

तो विचार कशाचा, हे सांगायला नको. लोक भेटल्यावर रामराम करतात; हे "पोट साफ?" असं विचारत. बरं, नुसत्या हो-नाहीवर सुटका नव्हती. रंग कोणता, चिकट आहे का, रक्त पडतं का, इथवर चौकशी जायची, आणि तीही भर बाजारात, बाईमाणूस उभं असताना. खिशात काचेच्या दोन-चार पट्ट्या कायम. स्टेशनवर उभं राहून ते एकेक पट्टी सूर्याकडं धरत आणि "वा! वा! काय सुंदर!" असं मोठ्यानं ओरडत. एकदा तर पॅसेंजर आली, उभी राहिली आणि निघून गेली, तरी यांचं "वा! वा!" चालूच. पोर्टर म्हणाला, "साहेब, गाडी गेली ना बाप्पा!" तर हे त्यालाच पट्टी दाखवून म्हणतात, "हे बघ, किती नमुनेदार कॅन्सर आहे!" तो बिचारा दोन दिवस जेवला नाही.

एक दिवस मी वावरातून आलो तर घरची धावत समोर आली. "अवो, चाला लवकर! डॉक्टर विहिरीत उडी घेऊन राह्यले!" पाहतो तर आमच्या परसातल्या विहिरीच्या काठावर डॉक्टर पालथे पडलेले, अर्धं अंग आत लोंबकळतंय. मी मागून पाय धरून ओढलं. कपाळाला खरचटलं होतं, पण चेहरा नवरदेवासारखा खुललेला. "भाऊ, सगळा कारभार बुडाशी चालतो!" म्हणाले. मग तिथंच मातीत बसून त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. आतड्याच्या आतल्या अस्तरात बारक्या बारक्या विहिरी असतात, लाखोंनी. प्रत्येक विहिरीच्या तळाशी थोड्या मायपेशी बसलेल्या. त्या लेकी जन्माला घालतात. लेकी कडेकडेनं वर चढतात, काठावर येतात, चार-पाच दिवस काम करतात आणि गळून पडतात. तोवर खालून दुसऱ्या आलेल्या असतात. म्हणजे माणसाच्या आतड्याचं अस्तर दर आठवड्याला नवंकोरं. माय मात्र तिथंच, बुडाशी. ती कधी वर येत नाही. घरची हे सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे आमच्यासारखंच व्हय. लेकी जाते आपापल्या घरी, माय राह्यते चुलीपाशी." डॉक्टरांनी तिला वाकून नमस्कार केला.

हेच त्यांनी घरात सांगितलं तोवर ठीक होतं. पण गावच्या एका लग्नात पंगतीला बसले असताना त्यांना उबळ आली. पत्रावळीवर भाताचं आतडं केलं, बोटानं त्यात विहिरी पाडल्या, वरण ओतलं, तळाशी बुंदीचे दाणे बसवले आणि शेजारच्या व्याह्याला म्हणाले, "आता यात सूज आली असं समजा. अस्तर झडलं, रक्त निघालं..." व्याही पत्रावळ घेऊन उठला. त्याच्यामागं अर्धी पंगत उठली. त्या दिवसापासून सिंदीत डॉक्टरांना कोणी जेवणाचं आवतन द्यायचं बंद झालं. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, सगळ्या गावाला निरोप जायचा आणि आमच्या मागच्या खोलीचं दार वगळलं जायचं. ते कधी बोलले नाहीत. पण घरासमोरून जेवणावळीला माणसं जाऊ लागली की ते दार लोटून घेत, हे मी पाहिलेलं आहे.

आता माझं सांगतो. मला कित्येक वर्षांपासून पोटाचा त्रास होता. मुरडा यायचा, रक्त पडायचं, काही दिवस थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मी ताक पीत होतो, बेल खात होतो आणि कोणाला सांगत नव्हतो. घरचीनं डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि ते माझ्या मागंच लागले. "नळी घालून आतून पाहू, भाऊ. एक तुकडा काढू." मी म्हटलं, "माह्या घरात खालच्या दारानं कोणी येत नाई." मी भ्यालो नव्हतो. कोणाला वाटत असेल तर वाटो. पण ज्या माणसाच्या वावरात त्याच्या मर्जीशिवाय कोणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही, पाय ठेवत नाही, त्यानं दवाखान्यातल्या पोरासोरांपुढं धोतर सोडून आडवं पडायचं? दोन वर्षं त्यांनी विनवलं, दोन वर्षं मी नाही म्हटलं.

त्या साली पोळ्याच्या आधी माझ्या हिऱ्या बैलाला खांदेसूज आली. जू घासून घासून खांदा सुजला होता. मी त्याला मोकळा ठेवून हळद-तेल लावत होतो. डॉक्टर बाजूला उभे.

"जुंपत का नाही याला?" त्यांनी विचारलं.

"सुजल्या खांद्यावर जू ठेवते का कोणी? घासत राह्यलं तर गाठ बसते. मंग बैल हातचा जाते."

"किती दिवस ठेवाल असा?"

"बरा होतपर्यंत! लेकरू हाय ते माह्यं."

डॉक्टर हळूच म्हणाले, "तुमच्या पोटात इतकी वर्षं सूज आहे, भाऊ. वरचं अस्तर झडतं आणि ते भरून काढायला बुडाशी मायपेशींना रात्रंदिवस जुंपलेलं आहे. थकलेली माय कधीतरी चुकते. एक चुकली की तिच्या सगळ्या लेकी चुकीच्या. तीच गाठ." मी बैलाच्या खांद्यावर हात फिरवत राहिलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि लोणी खांद्यावर चोळायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर राबणाऱ्याला हे मानाचं बोलावणं. मी हिऱ्याचं उरकलं आणि ओट्यावर टेकलो. मागून थंडगार काहीतरी खांद्याला लागलं. वळून पाहतो तर डॉक्टर! हातात घरचीची हळद-लोण्याची वाटी. माझ्या बंडीच्या आत हात घालून खांदा चोळत, घसा साफ करून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या दवाखान्यात या."

घरची पदर तोंडात कोंबून हसत होती. मी ओरडलो, "मी का बैल हाय?"

"बैल बरा, भाऊ. तो ऐकतो."

आता सांगा, काय करता? गावात कोणाला विचारा, हळद लागलेलं आवतन मोडता येत नाही. बैलसुद्धा मोडत नाही. आणि ज्याला कोणी आवतन देत नव्हतं, त्याच्याकडून आलेलं मी कसं मोडू? दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. आमचा पोळा दुपारनंतर भरतो, तोवर परत येता येणार होतं. नळीचं वर्णन करत नाही. ते माझं मला.

काही दिवसांनी माझ्या तुकड्याची पट्टी तयार झाली. मी समोरच बसलो होतो. डॉक्टरांनी दुर्बिणीला डोळा लावला. मी "वा! वा!" ऐकायला तयार होतो. ते काहीच बोलले नाहीत. मग चष्मा पुसला. "गाठ आहे," म्हणाले. "पण लहान आहे. अजून पसरली नाही. कापून निघेल." माझं हातभर आतडं कापून काढलं. शुद्धीवर आलो तर खाटेशी डॉक्टर. त्या दिवशी ते माझ्याशी कपाशीबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, हिऱ्याचा खांदा कसा आहे ते विचारलं. आतड्याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा मला कळलं की हा माणूस किती घाबरला होता.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्याला हळद लावली, आणि मी वाटी हिसकून त्यांच्या लावली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट समोर आलं, पण ते किती वेळ हात घालीनात. मग पोळीला बोट टोचून विहीर पाडली, तूप ओतलं आणि माझ्याकडं चोरून पाहिलं. मी म्हटलं, "बोला साहेब. इथून कोणी उठत नाई." त्यांची नोकरी संपेपर्यंत दर पोळ्याला असंच चाललं. गाठ पुन्हा आली का ते नळीनं बघून घ्यायला मी सकाळी त्यांच्या आवतनाला जायचो, ते संध्याकाळी माझ्या.

मग ते पुण्याकडं गेले. दोन-तीन पत्रं आली, पहिल्या ओळीत "पोट साफ?" एवढंच विचारणारी. पुढं तीही थांबली. हिऱ्या गेला. आता खांद्याला हळद लावायला कोणी येत नाही. परवा पोळ्याच्या सकाळी नळीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो, तर नवी डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, दरवर्षी सणाच्याच दिवशी काऊन येता? दुसऱ्या दिवशी येत जा ना."

म्हटलं, "बाई, आवतन हाय."